आणखी एक तोळा

‘मोडले तर पैसे येतातच की, फादर.’ दागिन्यांच्या खरेदीविषयी चार शब्द बोलू गेले की हे उत्तर हमखास मिळते. ते देणारा बहुधा पुरुष असतो, हे मुद्दाम नमूद करतो. कारण सोन्याच्या हव्यासाचा विषय निघाला की आम्ही धर्मगुरू संत पौलाचे तिमथ्याला लिहिलेले पत्र उघडून थेट स्त्रियांकडे वळतो. हे न्यायाचे नव्हे. दागिना अंगावर घालते ती स्त्री. परंतु तो किती तोळ्यांचा असावा आणि येणाऱ्या सुनेच्या गळ्यात किती दिसले पाहिजे, हा हिशेब पुरुषांच्या बैठकीतच होतो. अहरोनाने वासरू ओतण्यासाठी सोने मागितले तेव्हा कर्णभूषणे बायका-मुलींच्याच नव्हे, पुत्रांच्याही कानांतून निघाली होती, असे निर्गमाचे पुस्तक सांगते.

तर तो हिशेबच आधी पाहू. लाख रुपयांच्या सोन्याचा हार घेतला. घडणावळ शेकडा बारा धरली तर बारा हजार. त्या सगळ्या रकमेवर तीन टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी तीन हजारांवर. दुकानाची पायरी उतरताना पंधरा हजार रुपये गेले ते गेलेच. मोडताना घडणावळ परत मिळत नाही, कर मिळत नाही, आणि सोनार घट धरतो ती निराळी. भाव चढले हे खरे. 2025 साली दहा ग्रॅम सोने लाखाच्या पुढे गेले, हेही खरे. परंतु त्या चढलेल्या भावात आपल्यापैकी किती जणांनी विकले? आपण विकत नाही. आपण गहाण ठेवतो, व्याज भरतो, सोडवून आणतो, आणि पुढच्या दिवाळीला आणखी एक तोळा घेतो. केवळ गुंतवणूकच करायची होती, तर 2015 ते 2024 या काळात सरकारचे सुवर्णरोखे निघत होते. घडणावळ नाही, घट नाही, वर अडीच टक्के व्याज. ते रोखे गळ्यात घालून मिस्सेला येता येत नव्हते, हाच त्यांचा दोष!

दागिना असणे हे पाप आहे, असे मी म्हणत नाही. आईने दिलेल्या बांगड्या लेकीने जपाव्यात यात गोडवाच आहे. माझे भांडण ‘आणखी’ या शब्दाशी आहे. पहिला दागिना आपण आपल्यासाठी घेतो. पाचवा शेजारणीच्या डोळ्यांसाठी. आणि त्या डोळ्यांना तृप्ती ठाऊक नसते.

बल्लारपूर हे श्रमिकांचे गाव. 1945 साली स्थापन झालेल्या कंपनीची कागद गिरणी आणि भोवतालच्या कोळशाच्या खाणी यांवर आपल्या धर्मग्रामातील कितीतरी चुली पेटल्या. दिवाळीचा बोनस हाती पडला की त्याची वाट चंद्रपूरच्या सराफ्याकडे जाते. ज्यांच्या भिंतीवर पंचांग नाही अशा आपल्या ख्रिस्ती घरांनाही धनत्रयोदशी आणि अक्षय्यतृतीया तेवढी अचूक आठवते, याचे मला नेहमी नवल वाटते. दुकानांच्या भिशीत ‘अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आमचा’ असे आमिष असते. 2019 च्या ऑक्टोबरात डोंबिवली-ठाण्याकडच्या एका नामांकित पेढीने एकाएकी दारे लावली, आणि अशाच हप्त्यांत लेकींच्या लग्नाची पुंजी ठेवणारे शेकडो लोक पोलीस ठाण्याबाहेर रांगेत उभे राहिले. त्यांत आपले केरळी बंधूही पुष्कळ होते.

खाणीत उतरणाऱ्या माणसाने तरी सोन्याकडे निराळ्या नजरेने पाहावे. कर्नाटकातील कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. एक टन दगड फोडून, कुटून, सायनाइडने धुऊन हाती येते ते चार-दोन ग्रॅम. 2001 साली ती खाण बंद झाली. सोने देशभरच्या तिजोऱ्यांत गेले आणि सायनाइडच्या मातीचे डोंगर तेवढे कामगारांच्या वस्तीशेजारी उरले. आपल्या एका अंगठीमागे किती मातीचा ढीग पडला असेल, याचा अंदाज बल्लारपूरकराला वेगळा सांगायला नको.

‘परंपरा आहे’ असे म्हणणाऱ्यांनी परंपरा नीट पाहावी. आपला चांदा धर्मप्रांत सीरो-मलबार विधीचा. या विधीत विवाहाच्या वेळी वधूच्या गळ्यात ‘मिन्नू’ बांधतात. पिंपळपानासारखे सोन्याचे इवलेसे पान, त्यावर मण्यांचा क्रूस, आणि ओवायला मंत्रकोडीच्या साडीचे काढलेले धागे. लॅटिन विधीत एक अंगठी पुरते. म्हणजे ख्रिस्तसभेने विवाहासाठी मागितलेले सोने एवढेच, चिमटीत मावणारे. उरलेले पन्नास पवन कोणी मागितले?

ते मागितले एका जुन्या अन्यायाने, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे. 1916 च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तेव्हा मुलीचा वाटा मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढाच होता. आणि स्त्रीधन दिले वा कबूल केले असेल तर तोही नाही. मेरी रॉय या मातेने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि 1986 साली तो कायदा निष्प्रभ ठरला. महाराष्ट्रात तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती बापाच्या मागे मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. तरीही आपल्या घरांत आजदेखील ऐकू येते: ‘तिला सोने घातले, तिचा वाटा दिला.’ घर भावाचे, शेत भावाचे, आणि बहिणीच्या वाट्याला ते, जे सासरची मंडळी पहिल्याच अडचणीत गहाण टाकतात. सोन्याने मुलीला सुरक्षितता मिळते म्हणता? पुष्कळदा तिच्या हक्काचे तोंड बंद करण्यासाठीच ते तिच्या गळ्यात पडते. जिच्या नावावर दुसरे काहीच नाही तिने चार तोळे उराशी धरले, तर तिला मी लोभी म्हणणार नाही. बोल लावायचा तो तिच्या बापाला आणि भावांना.

दागिना पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, हाही एक भ्रमच. हा चांदा मुलूख ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, त्यांचे राज्य 1854 साली खालसा झाल्यावर राण्यांचा विरोध न जुमानता इंग्रजांनी त्यांची जडजवाहिरे कलकत्त्यात विकली.

कायद्याने हा हव्यास जात नाही, हेही आपण पाहिले. 1963 साली मोरारजी देसाईंनी चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेच्या नव्या दागिन्यांवर बंदी घातली. हजारो सोनार देशोधडीला लागले, चोरटे सोने वाढले, आणि 1990 मध्ये सुवर्णनियंत्रण कायदा रद्द करावा लागला. आता भाव परवडेनासे झाले तर 2025 पासून नऊ कॅरेटलाही हॉलमार्क मिळू लागला. हजारात तीनशे पंचाहत्तर भाग सोने आणि बाकी इतर धातू! खिसा रिकामा झाला तरी हौस कशी फिटेल याची सोय आधीच तयार आहे.

‘मग चर्चमधल्या सोन्याचे काय?’ असे कोणी विचारील, आणि विचारावे. संत अँब्रोज यांनी कैद्यांच्या सुटकेसाठी वेदीची पात्रे वितळवली. पोप सहावे पॉल यांनी 1964 च्या नोव्हेंबरात, व्हॅटिकन परिषद चालू असतानाच, आपला त्रिमुकुट गोरगरिबांसाठी वेदीवर ठेवला. तो पुन्हा मस्तकी धरला नाही. मंडपाच्या उभारणीसाठी इस्राएल लोकांनी इतके आणून दिले की मोशेला ‘आता पुरे’ अशी दवंडी पिटवावी लागली. विकत घेताना ‘पुरे’ म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

विवाहपूर्व मार्गदर्शनाला येणाऱ्या दोन्ही घरांना यापुढे मी तोळे विचारणार नाही, आणि कोणी सांगू लागले तर ऐकणारही नाही. मुलीच्या वडिलांना मात्र विचारीन, घराच्या आणि शेताच्या वाटणीत तिचे नाव कुठे आहे? आणि मुलाच्या वडिलांना विचारीन, नव्या घराच्या कागदावर सुनेची सही होणार आहे की नाही?