बिऱ्हाड हललं, कागद हलेना

घर बदलणं आपल्याला काही नवीन नाही, मैत्रिणींनो. लग्न झालेल्या बहुतेक बायांनी एकदा तरी ते केलेलंच असतं. अक्षता पडल्या की माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा आणि सासरच्या कार्डात नाव चढवायचं. माहेरचं नाव पटकन कटतं. सासरचं चढेपर्यंत कधी कधी पोरगं रांगायला लागतं! मधल्या काळात ती बाई कुणाच्याच धान्यात नसते. पण ‘लग्नात असं होतंच’ म्हणून आपण ते सोडून देतो.

जालना एमआयडीसीच्या बाजूला राहिलं की हेच दुखणं दर महिन्याला बघायला मिळतं. इथे रोलिंग मिल आहेत, सळईचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूरकडून माणसं येतात, बिहार-यूपीतूनही येतात. चंदनझिरा, नागेवाडीकडे खोली घेतात. मिल बंद पडली, मालकाने भाडं वाढवलं, नाहीतर नुसतं पाण्यावरून भांडण झालं, की छोटा हत्ती बोलावून बिऱ्हाड दुसरीकडे. भांडी, गादी, कूलर, देव सगळं एका खेपेत येतं. येत नाही ते फक्त सरकारदरबारचं नाव.

मी वस्तीतल्या बायांचे फॉर्म भरून देते, म्हणून हे जवळून बघते. आणि एक गंमत सांगू? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या 18 वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख केलं. कार्डावर प्रमुख ती, पण खोली सोडायचं ठरतं तेव्हा तिला कळतं सगळ्यात शेवटी. ‘उद्या सामान बांध’ एवढंच. मग कंट्रोलवाल्याकडे, सेतूवर, तहसीलला चकरा मात्र तिनेच मारायच्या, तेही रोज बुडवून.

खरी भीती चकरांचीही नाही. भीती आहे ती चौकशीची. त्या कायद्याखाली राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ठेवली ती खेड्यात 44 हजार आणि शहरात 59 हजार. भागाकार करून बघा, शहरात महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. एवढ्या पैशात जालन्यात खोलीभाडं देऊन कोण जगतं हो? जागाही शहरात कमीच. 2011 च्या जनगणनेवरून महाराष्ट्राचा कोटा ठरला तो ग्रामीण भागातल्या 76.32 टक्के लोकांसाठी आणि शहरातल्या 45.34 टक्के लोकांसाठी. म्हणजे गावात यादीत असलेली बाई शहरात आली, की तीच बाई, तीच चार माणसं, पण यादी आखूड. वरून ऐकायला मिळतं, ‘इष्टांक संपला.’ म्हणून शहाण्या बाया कार्डाला हातच लावत नाहीत. गावचं कार्ड गावालाच ठेवतात आणि धान्यासाठी एसटीचं तिकीट काढून गावी जातात. पाच किलोमागे तिकिटाचा खर्च धरला, तर फुकटचं धान्य फुकट राहतं का, तुम्हीच सांगा.

इथे एक चांगली गोष्ट सांगायला हवी, कारण ती कितीतरी जणींना अजून माहीत नाही. धान्य घेण्यासाठी आता कार्ड हलवावं लागत नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही सोय 2019 साली सुरू झाली. पहिल्या राज्यांच्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात ही एक होती. 2022 च्या जूनपर्यंत सगळी राज्यं तिच्यात आली. आधार जोडलेलं असलं की पॉस मशीन असलेल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळायला हवं. माणशी पाच किलो, अंत्योदय असेल तर कुटुंबाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. गावी सासू-सासरे असतील तर त्यांच्या वाट्याचं ते तिकडे घेऊ शकतात, आपल्या वाट्याचं आपण इथे. फक्त घरात आधी बोलून घ्या. तिकडे भाऊजींनी सगळा माल एकदम उचलला, तर इथे मशीन नाहीच म्हणणार. ई-केवायसीसाठीसुद्धा गावाला जायची गरज नाही, तीही कोणत्याही रेशन दुकानात होते.

कागदावर हे छान आहे. दुकानात गेल्यावर काय होतं? शेजारची एक जण मागे सांगत होती, “ताई, अंगठा लागला पण माल नाही म्हणतो. तुमचा माल तुमच्या गावाला येतो म्हणे.” दुकानदाराचीही बाजू थोडी समजून घेते मी, त्याच्याकडे माल येतो तो त्याच्या ठरलेल्या कार्डांच्या हिशोबाने. पण जिथे दर महिन्याला नवी बिऱ्हाडं उतरतात त्या एमआयडीसीच्या दुकानांना जास्तीचा माल आधीच द्यायला काय हरकत आहे? इथे माणसं येणार हे पुरवठा खात्याला स्वप्नात कळायला हवं का?

धान्याचं निदान अंगठ्यावर तरी आलं. निराधारच्या पगाराचं तेही नाही. संजय गांधी निराधार योजना 1980 पासूनची. विधवा, परित्यक्ता, अपंग, आजारी, ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी. 2023 साली रक्कम हजारावरून दीड हजार झाली. उत्पन्नाची अट वर्षाला 21 हजार. अर्ज तहसीलला आणि मंजुरी तालुक्याच्या समितीची. पैसे आता थेट आधारच्या खात्यात येतात, ते जालन्यातही काढता येतात. पण वर्षाचा हयातीचा दाखला, पडताळणी, काही अडकलं तर विचारणा, हे सगळं जुन्या तालुक्यात. मंठ्याची विधवा लेकाकडे जालन्याला आली, की ती इथल्या साहेबाच्या लेखी कुणीच नाही, आणि तिथल्या तलाठ्याने ‘गावात राहत नाही’ असा शेरा मारला की तिथेही कुणी नाही. माणूस जिवंत आहे, गरीब आहे, फक्त साठ-सत्तर किलोमीटर सरकलंय!

आता कुणी म्हणेल, चौकशी नको तर मग बोगस नावं कशी निघणार? बोगस कार्डं आहेत, मी नाही म्हणत नाही. माडीवाल्यांच्या घरातलं पिवळं कार्ड आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पण माडीवाला कुठे खोली बदलतो? त्याचं लाइटबिल वर्षानुवर्षं त्याच्याच नावावर असतं. राहण्याचा पुरावा मागितला की अडकते ती भाड्याची बाई. मालक भाडेपावती देत नाही, बाँडवर लिहून देत नाही, मीटर त्याच्याच नावाचा. चाळणी अशी आहे की खडे वर राहायचे सोडून दाणेच बाहेर पडतात.

माझं म्हणणं साधं आहे. बाई जिथे राहायला गेली तिथल्या तहसीलला तिने एक अर्ज द्यावा आणि पुढचा पत्रव्यवहार दोन कचेऱ्यांनी आपसात करावा. नवीन नोंद होईपर्यंत जुनं नाव कापू नये, लग्न झालेल्या मुलीचंसुद्धा. आणि राहण्याचा पुरावा म्हणून अंगणवाडीताईची किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांची सही चालावी. वस्तीत कोण राहतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असतं?

तोवर सामान बांधताना कागदांची पिशवी स्वतःजवळ ठेवा, टेम्पोत टाकू नका. मोबाइल नंबर बदलू नका, आधारला तोच जोडलेला असतो. आधारवरचा पत्ता बदलायचा असेल तर 2023 पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आणि नात्याच्या पुराव्यावर तो ऑनलाइन बदलता येतो. घरात एकाचा बदलला, की बाकीच्यांचं सोपं होतं. आणि खोली बघायला जाताना तुम्ही स्वतः जा. पाणी कधी येतं हे विचाराल तेव्हाच मालकाला विचारून टाका, भाडेपावती देणार का?