अलोऱ्यापासून तहसील किती दूर?

चिपळूणहून कराडकडे निघालेली एसटी कुंभार्ली घाट चढू लागण्याआधी अलोरे गाव लागते. अंतर फार नाही. पण अलोऱ्याच्या एखाद्या वाडीत एकटीच राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या विधवेचे उदाहरण डोळ्यांसमोर आणून पाहावे. मुलगा मुंबईत, तोही हातावर पोट असलेला. तिला श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळू शकतात, हे तिला कुणीतरी सांगितले आहे. आता तिने तलाठ्याला गाठायचे, मग सेवा केंद्रात जाऊन उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा, दाखला आला की वयाचा आणि रहिवासाचा पुरावा जोडून तहसील कार्यालयात अर्ज द्यायचा, बँकेत जाऊन खाते आधारशी जोडून घ्यायचे आणि मग तालुका समितीच्या बैठकीची वाट पाहायची. एकही कागद चुकला नाही तरी चिपळूणच्या चार-पाच फेऱ्या ठरलेल्या. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे आणि त्याआधी, २०२२ मध्ये, पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत झाला. सरकारने तिला स्वस्तात तहसीलपर्यंत नेऊन सोडण्याची सोय केली आहे. तेथे उतरल्यावर कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे आणि हातात काय धरायचे, हे सांगणारा माणूस मात्र त्या सोयीत नाही.

महाराष्ट्रात योजनांची कमतरता नाही. निराधारांसाठी संजय गांधी योजना १९८० पासून आहे. पासष्टीनंतरच्यांसाठी श्रावणबाळ, केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन, दिव्यांगांसाठी वेगळी तरतूद, संकटातील महिलांसाठी 'सखी' केंद्रे, साहाय्यक उपकरणांसाठी २०२४ ची वयोश्री योजना, अशी यादी बरीच लांबते. गरजू माणूस आणि ही यादी यांच्यामधला दुवा कुणी व्हायचे, या एका प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही एका खात्याकडे नाही.

अलोऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक ठळकपणे दिसतो, कारण या गावाने सरकारी यंत्रणेची दोन वेगवेगळी रूपे पाहिली आहेत. कोयना जलविद्युत प्रकल्पाचा तिसरा टप्पा, म्हणजे कोळकेवाडी धरण आणि त्याच्या पायथ्याचे वीजगृह, १९७०च्या दशकात या परिसरात उभा राहिला. त्या काळात अलोऱ्यात प्रकल्पाची वसाहत होती. वसाहतीतल्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला सरकार हजेरीपटाच्या रूपाने येत असे. नाव पटावर असले की राहण्याची जागा, पगार, पुढे निवृत्तिवेतन हे सारे त्यामागोमाग आले. दुवा शोधण्याचा प्रसंग आला नाही. वसाहतीबाहेरच्या वाड्यांतील माणसाला असा पट कधीच नव्हता.

दुसरे रूप २०१९ नंतरचे. त्या वर्षी २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातीलच तिवरे येथील धरण फुटले आणि खालची भेंदवाडी पाण्याने ओढून नेली. वीसहून अधिक माणसांचा बळी गेला. त्यानंतर वाचलेल्या कुटुंबांपैकी काहींचे पुनर्वसन अलोऱ्यात झाले. मुंबईच्या श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यासाच्या मदतीतून येथे २४ घरे उभी राहिली. देवस्थानाचा पैसा, शासनाची जागा, जिल्हा प्रशासनाची देखरेख, असा हा मेळ होता. घरे हातात पडेपर्यंत लोकांना तात्पुरत्या निवाऱ्यात पावसाळे काढावे लागले, हे खरे. तरीही गरजू कोण, मदत कुणाची आणि ती पोहोचवायची कुणी, हे तिन्ही प्रश्न तेथे सुटले. कारण उघड आहे. त्या रात्रीनंतर मंत्री आले, कॅमेरे आले, यादी झाली आणि यादीतल्या प्रत्येक नावामागे एक अधिकारी उभा राहिला.

ज्या आपत्तीची बातमी होते, तिच्यासाठी दुवा आपोआप तयार होतो. नवरा गेला, अर्धांगाचा झटका आला, सुनेने घराबाहेर काढले, या आपत्ती एकेका घरातल्या असतात. त्यांचा पंचनामा होत नाही. पुनर्वसित कुटुंबालाही घराच्या चावीबरोबर हे दुवे मिळतातच असे नाही. पत्ता बदलला की रेशन दुकान बदलते, आशा कार्यकर्ती बदलते, ज्याला नावाने हाक मारता येत होती तो तलाठी बदलतो. शेतजमीन मात्र मूळ गावीच राहते. पुनर्वसनाच्या हिशेबात घरे मोजली जातात. ही तुटलेली ओळखपाळख मोजण्यासाठी रकाना नसतो.

जिल्ह्याची लोकसंख्या काय सांगते तेही पाहण्यासारखे आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ वर आली. राज्य वाढत असताना हा जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, हे २०११ चे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. अभिमानाने सांगितल्या जाणाऱ्या या आकड्याचा मोठा भाग म्हणजे मुंबई-पुण्याला गेलेले पुरुष. मागे राहिलेल्या घरात लिहितावाचता, मोबाइलवर अर्ज भरू शकणारा माणूस अनेकदा नसतो. चाकरमानी गणपतीला येतो, तेव्हा कागदपत्रांची पिशवी बाहेर निघते. पण त्याच्या रजेच्या दिवसांत कार्यालयालाही सुट्ट्या लागून आलेल्या असतात. मग उरलेला दाखला शिमग्यावर जातो.

एवढे करून तहसीलपर्यंत पोहोचलेल्या माणसासमोर उभी राहते ती उत्पन्नाची अट. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजार रुपये राहिली. दिव्यांगांसाठी ती ५० हजार. २१ हजार म्हणजे संपूर्ण कुटुंबाचे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे सरकारनेच हमी दिलेल्या शंभर दिवसांपैकी ६८ दिवस घरातल्या एकाने काम केले, तर ते कुटुंब सरकारच्याच व्याख्येने निराधार उरत नाही. ही अट तंतोतंत पाळली तर लाभार्थी सापडणे कठीण. म्हणून दाखल्यावर २१ हजारांच्या आत बसणारा आकडा लिहून घेण्याची रीत रूढ झाली आहे. ज्याची तलाठ्याशी ओळख त्याला तो आकडा मिळतो, आणि ज्याची ओळख नाही त्याला खरा आकडा मिळतो. दुव्याचे महत्त्व याहून अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नसावी.

मंजुरी तालुका समितीच्या हाती असते आणि तिचा अध्यक्ष बहुधा पालकमंत्र्यांच्या मर्जीतला कार्यकर्ता असतो. राज्यात सत्ताबदल झाला की अशा समित्या बरखास्त होतात आणि नव्या नेमणुकांची प्रतीक्षा सुरू होते. अनुदान चालू झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावाच लागतो. डिसेंबर २०२४ पासून ही रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने खात्यात जमा करण्याची पद्धत आली. मधली गळती थांबावी हा हेतू योग्यच आहे. पण ज्यांचे खाते आधारशी जोडलेले नव्हते किंवा ज्यांच्या बोटांचे ठसे कष्टाने पुसट झाले आहेत, त्यांच्यासाठी तो आणखी एक दरवाजा ठरला.

दुव्याचा प्रश्न सरकारला ठाऊक नाही असे नाही. त्यावर काढलेला एक तोडगा म्हणजे दूरध्वनी क्रमांक. ज्येष्ठांसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेला १४४१६, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, रुग्णवाहिकेसाठी १०८. प्रत्येक खात्याने आपला क्रमांक काढला. माणसाच्या अडचणी मात्र खात्यांप्रमाणे वाटून येत नाहीत. एकट्या म्हातारीचे आजारपण, औषधाचा खर्च, छपराची गळती आणि मुलाचे न येणारे फोन ही तिच्या दृष्टीने एकच अडचण असते. शिवाय क्रमांक पाठ असलेल्या माणसालाच त्याचा उपयोग, आणि डोंगराआडच्या वाडीत मोबाइलला रेंज असेल तेव्हाच. अमेरिकेत २००० साली यासाठी २११ हा एकच क्रमांक राखून ठेवण्यात आला. अन्न, निवारा, औषध, काहीही हवे असो, पलीकडचा माणूस जवळच्या संस्थेचा पत्ता देतो. आपल्याकडे ११२ चे एकत्रीकरण झाले ते तातडीच्या सेवांपुरते. सावकाश येणाऱ्या संकटांसाठी तसा एक क्रमांक नाही.

दुसरा तोडगा मंडपाचा. 'शासन आपल्या दारी' हा उपक्रम मे २०२३ मध्ये घाटापलीकडच्या पाटण तालुक्यातून सुरू झाला. पुढे ठिकठिकाणी लाभार्थ्यांना एसटी गाड्यांनी कार्यक्रमस्थळी आणण्यात आले. शासन दारी येणार म्हणून माणसांना दार सोडून निघावे लागले, अशी टीका झाली ती त्यामुळेच. त्या दिवशी अनेकांच्या हातात प्रमाणपत्रे पडली, हेही नोंदवायला हवे. पण ज्याची फाइल आधीच पूर्ण आहे तोच मंडपात पोहोचतो. फाइल ज्याच्या नावाने उघडलीच नाही तो वाडीतच राहतो.

मग प्रत्यक्षात हे काम करते कोण? अंगणवाडी सेविका करते, आशा कार्यकर्ती करते, 'उमेद'च्या बचत गटांतील समुदाय संसाधन व्यक्ती करते. कधी पोस्टमन, कधी शिक्षक. २००५ पासून साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली गेली. तिचा मोबदला मुख्यत्वे कामागणिक ठरतो: लसीकरण, प्रसूती, क्षयरुग्णाचे औषध. एखाद्या वृद्धेला तहसीलात नेऊन आणल्याबद्दल तिच्या तक्त्यात ओळ नाही. ती जाते ते शेजारधर्म म्हणून. मुंबईतील ग्रामस्थ मंडळे मंदिराला आणि सभागृहाला वर्गणी काढतात, आजारपणात मदतही करतात; त्यांनाही गावातल्या कुणाला काय हवे आहे हे सांगणारा एक निश्चित माणूस नसतो.

या दुव्यासाठी पैसे मोजले तर काय घडते, हे २०२४ मध्ये राज्याने पाहिले. जूनअखेरीस लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि ऑगस्टच्या मध्यापासून खात्यांत पैसे पडू लागले. लाभार्थी महिलांची संख्या काही महिन्यांत दोन कोटींच्या पुढे गेली. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, कागदपत्रांत सवलती, आणि अर्ज भरून घेणाऱ्या अंगणवाडी सेविकेला प्रत्येक अर्जामागे ५० रुपये देण्याचा निर्णय. वाडीवस्तीवर जाऊन अर्ज भरून घेण्याची शक्ती या यंत्रणेत आहे, हे त्यातून सिद्ध झाले. निराधार योजनेच्या वाट्याला ही शक्ती चार दशकांत आली नाही. निवडणूक तोंडावर नसताना ती येईल का, हा प्रश्न कटू वाटला तरी विचारावा लागतो. पुढे २०२५ मध्ये याच योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, आणि दोघेही हयात नसलेल्या स्त्रियांची पंचाईत झाली. सर्वांत गरजू कोण, हे अर्जाची रचना करणाऱ्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

त्याच वर्षी आणखी एक प्रयोग झाला आणि तो या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारा होता. 'मुख्यमंत्री योजनादूत' या नावाने ५० हजार तरुण पदवीधर नेमण्याचे ठरले. ग्रामीण भागात प्रत्येक ग्रामपंचायतीला एक, मानधन महिना १० हजार रुपये, मुदत सहा महिने. कल्पना उत्तम होती. पण दूताने करायचे काम होते योजनांचा प्रचार-प्रसार. अर्ज तडीस नेण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागताच हे काम थांबले. जो दूत सरकारची जाहिरात करतो तो आचारसंहितेत अडकतो. जो म्हातारीचा दाखला काढून देतो, त्याला कोणती आचारसंहिता अडवणार होती?

इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१९ पासून प्राथमिक दवाखान्यांच्या जोडीला 'दुवा कार्यकर्ते' पगारावर घेतले. एकटेपणा, कर्ज, घराची अडचण घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर त्यांच्याकडे पाठवतो आणि ते त्याला गावातल्या संस्थेशी, मंडळाशी, कार्यालयाशी जोडून देतात. एवढे लांब जायचे नसेल तर केरळ आहे. तेथे १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेच्या चळवळीला २००८ च्या धोरणाने स्थानिक स्वराज्य संस्थांशी जोडले. शेजारचे स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेला रुग्ण शोधतात आणि पंचायतीच्या पाठबळावर परिचारिका घरी जाते. या दोन्ही ठिकाणी जोडून देणे हेच कुणाचे तरी नेमून दिलेले काम आहे.

खर्चाचा मुद्दा निघतोच, म्हणून हिशेब मांडून पाहावा. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. योजनादूताइतक्याच मानधनावर प्रत्येक ठिकाणी एक कायम माणूस नेमला तर वर्षाचे ३३६ कोटी होतात. दोन कोटी महिलांना दरमहा १,५०० रुपये म्हणजे महिन्याला ३,००० कोटी, दिवसाला १०० कोटी. लाडक्या बहिणींच्या साडेतीन दिवसांच्या रकमेत राज्यभरचा वर्षभराचा दुवा उभा राहतो. त्यासाठी नवे पद हवेच असेही नाही. आशा आणि 'उमेद'ची कार्यकर्ती गावात आहेच. तिच्या मोबदल्याच्या तक्त्यात 'निराधार अर्ज मंजुरीपर्यंत पाठपुरावा' अशी एक ओळ आणि तिच्या सहीला तहसीलात किंमत, एवढे झाले तरी अलोऱ्यातल्या त्या वृद्धेच्या चार-पाच फेऱ्यांपैकी बऱ्याचशा वाचतील. तसा शासन निर्णय निघेपर्यंत तिची पिशवी मुलाच्या पुढच्या रजेची वाट पाहत खुंटीला असेल, आणि गणपती अजून लांब आहेत.