भौतिकशास्त्र घेऊन पुढे काय?

रमजानचा चाँद दिसला, दुआ झाली आणि मंडळी गच्चीवरून खाली उतरली. आमची भाची मात्र तिथेच थांबली. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डोक्यावरच्या लालसर ताऱ्याकडे बोट करून म्हणाली, “मामू, ही रोहिणी. इंग्रजी पुस्तकात अल्डेबरान. मूळ अरबी नाव अल-दबरान, म्हणजे मागून येणारा. कृत्तिकांच्या मागून उगवतो ना, म्हणून! मला हेच शिकायचंय.”

खाली आपांनी विचारले, “शिकून काय करणार?”

प्रश्न रास्त आहे. आम्ही चौकशी केली, ती वाचकांपुढे ठेवतो.

पुणे विद्यापीठाच्या आवारात भौतिकशास्त्र विभाग आहेच. शिवाय १९८८ साली डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेली ‘आयुका’ आणि रेडिओ खगोलशास्त्राची ‘एनसीआरए’ याही संस्था तिथेच आहेत. नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’ ही दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. इथे संशोधक दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. अवकाशातून आलेल्या रेडिओ लहरींची नोंद होते आणि तिचा अर्थ लावण्यात त्याचे महिने संगणकासमोर जातात. दुर्बिणीचा वेळही मागावा लागतो: काय पाहायचे आणि का, हे लिहून पटवून द्यावे लागते.

वाट लांब आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षे. आयआयटीत हवी असेल तर ‘जॅम’ परीक्षा. मग ‘नेट’ किंवा ‘जेस्ट’ देऊन पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे. पण या काळात बापाच्या खिशावर भार नाही. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि घरभाडे भत्ता वेगळा. पुढे कायमच्या जागा थोड्या आहेत, हेही लपवत नाही. मात्र गणित आणि संगणकाचा जो सराव होतो, तो इतरत्रही कामी येतो.

नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा काढता काढता आपल्या पूर्वजांनी आकाश मोजले. मराघा आणि समरकंदला वेधशाळा उभारल्या. अल-सूफीने इ.स. ९६४ च्या सुमारास ज्या ‘छोट्या ढगा’ची नोंद केली, ती आज देवयानी दीर्घिका म्हणून ओळखली जाते. आसमानाकडे पाहून विचार करा, असे कुरआन वारंवार सांगतो. त्यांची नावे आपण जलशांत अभिमानाने घेतो आणि घरातली मुलगी तेच शिकू म्हणाली की लग्नाचे वय मोजतो. हा कुठला न्याय?

आपांनी अजून होकार दिलेला नाही. पण परवा इफ्तारनंतर भांडी आवरता आवरता त्यांनीच हळूच विचारले, “त्या जॅमचा फॉर्म कधी निघतो रे?”