विहिरीचा ओपनिंग बॅलन्स



वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत पाण्याचा विषय निघाला की सयाजीराव महाराज आणि आजवा आलेच. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी नाना अभिमानाने सांगायचे, १८९२ साली आजव्याचं पाणी नळाने शहरात आलं. पुढे मही नदीतल्या फ्रेंच वेलचं पाणी आलं. त्यामुळे आपलं पाणी कुठून येतं हे आपल्याला ठाऊक असतं. पण पाणी जमिनीखाली कुठे जातं आणि जाताना काय घेऊन जातं, हे आपण विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. ते मनात राहिलंय, म्हणून आज लिहितो.

१९८७-८८ची गोष्ट. एका औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत मी कर्जखातं बघत होतो. बी.कॉम. झालेला माणूस, आकडे जुळले की समाधान. माझ्या टेबलावर दोन फाइली होत्या. एक रंगाचा कच्चा माल बनवणाऱ्या छोट्या कारखान्याची, टर्म लोन आणि कॅश क्रेडिटची. दुसरी तिथून अर्ध्या-पाऊण मैलावरच्या एका शेतकऱ्याची. त्यांनी विहिरीवर मोटर बसवायला आणि पाइपलाइन टाकायला कर्ज घेतलं होतं.

कारखान्याचं इन्स्पेक्शन दर महिन्याला असे. मशिनरी बघायची, स्टॉक मोजायचा, विमा चालू आहे ना ते पाहायचं. पोल्युशन बोर्डाच्या परवानगीची झेरॉक्स फाइलला होती, तिच्यावर बरोबरची खूण. मागच्या अंगणात एक खड्डा होता, त्यात गडद लाल पाणी साचलेलं असे. मी कडेकडेने जायचो. खरं सांगतो, तेव्हा माझं लक्ष फक्त बुटांकडे असायचं.

शेतकऱ्याचे हप्ते थकायला लागले. एक दिवस ते शाखेत आले आणि काचेची बाटली टेबलावर ठेवली. "साहेब, आ पाणी जुओ." पाणी चहासारखं दिसत होतं. म्हणाले, भेंडी जळाली, वांगी जळाली, ढोरं तोंड लावत नाहीत. तुम्ही कारखान्याचा माल बघायला दर महिन्याला येता, एकदा माझा कुवा बघायला या.

गेलो. पाहिलं. रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली, की पाणी शेतीला योग्य राहिलेलं नाही असं कर्जदाराचं म्हणणं आहे. वरिष्ठांनी विचारलं, लॅबोरेटरीचा रिपोर्ट आहे? नव्हता. आधी पाणी चांगलं होतं याचा काही कागद? तोही नव्हता. आसपास दहा-बारा कारखाने, कुणाचं पाणी कुठे मुरलं हे कोण सांगणार? त्या एकाच कारखान्यामुळे झालं असं मी आजही म्हणू शकत नाही. वसुलीची नोटीस गेली. तिच्यावर सही माझी होती. शेतकऱ्याने जमिनीचा एक तुकडा विकून कर्ज फेडलं, खातं बंद झालं. कारखान्याचे हप्ते वेळेवर येत होते. बँकेच्या ताळेबंदात दोन्ही खाती उत्तम.

पुढे निवृत्त झाल्यावर राजस्थानातल्या बिछडी गावाचा खटला वाचला आणि ही गोष्ट पुन्हा उभी राहिली. उदयपूरजवळच्या या गावात ८०च्या दशकाच्या अखेरीस एच-ॲसिड बनायला लागलं. हाही रंगउद्योगाचाच कच्चा माल. सुमारे ३७५ टन माल निघाला आणि त्यापायी सुमारे २,४४० टन विषारी गाळ. १९८९मध्ये उत्पादन थांबलं, पण विहिरींचं पाणी काळपट होत गेलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ज्याने घाण केली त्याने निस्तरायची आणि खर्चही त्यानेच द्यायचा. तरी पैसे आले नाहीत. मग २०११मध्ये न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरायला सांगितले, तेही नोव्हेंबर १९९७पासून.

चक्रवाढ व्याज हा शब्द वाचून मी थांबलो. भूजलाचं नुकसान तसंच वाढतं. नदीत घाण पडली तर पुरात काही वाहून जाते. जमिनीखालचं पाणी मात्र वाळूच्या, खडकांच्या फटींतून फार हळू सरकतं. आज मुरलेलं विष कधीकधी दहा वर्षांनी शेजारच्या विहिरीत दिसतं. तोवर कारखान्याचा मालक बदललेला असतो, मॅनेजर निवृत्त झालेला असतो, आणि माझ्यासारखा बँकवाला पेन्शन घेत असतो. हप्ता भरायला उरतो तो विहिरीचा धनी.

कुणी म्हणेल, कारखाने नकोत का? असं मी म्हणणार नाही. कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी, आयपीसीएल नसते तर आपल्यातल्या किती घरांचे हप्ते फिटले असते, किती पोरं शिकली असती? माझा सख्खा भाऊ तिथल्याच पगारावर घर बांधून बसला. सांडपाण्याची काळजी आपल्याकडे घेतलीच नाही असंही नाही. १९८३पासून वडोदऱ्याहून सुमारे ५५ किलोमीटरचा चॅनल ते महीच्या मुखाकडे नेतो. पण चॅनलमध्ये जातं तेवढंच पाणी चॅनल नेतो. आवारातल्या खड्ड्यात मुरलेलं, रात्री ओढ्यात सोडलेलं किंवा बोअरमध्ये ढकललेलं पाणी त्याच्या हिशोबात येत नाही.

कायदेही आहेत. १९७४चा पाण्याचा कायदा आहे. गुजरातमधल्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चालू स्थितीतली शुद्धीकरण यंत्रणा नसलेल्या कारखान्यांना तीन महिन्यांची नोटीस द्या, नाही तर बंद करा. पण हे सगळं कारखान्याच्या दाराशी थांबतं. माझं म्हणणं कुंपणाबाहेरच्या विहिरीबद्दल आहे.

बँकेत कुठलंही खातं ओपनिंग बॅलन्सशिवाय तपासता येत नाही. मग विहिरीचं कसं तपासणार? औद्योगिक वसाहतीला परवानगी देण्याआधी आसपासच्या गावांतल्या ठरावीक विहिरींचं पाणी तपासा. टीडीएस, पीएच, क्लोराइड, सीओडी, जड धातू, आणि तिथे जी रसायनं बनणार असतील ती. मग दरवर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर त्याच विहिरी पुन्हा तपासा. खर्च वसाहतीने द्यावा, पण नमुना ग्रामपंचायतीसमोर घ्यावा आणि निकाल पंचायतीच्या फलकावर साध्या भाषेत लावावा. आकडा बिघडला की जाब विचारायला कागद हातात असेल. आणि बँकांनी कर्जाचं नूतनीकरण करताना स्टॉक स्टेटमेंटसोबत हा कागदही मागावा. विमा संपला तर आम्ही मर्यादा वाढवून देत नव्हतो, मग विहीर संपल्यावर का द्यावी?

शहरात बसून हे दुसऱ्याचं दुखणं वाटेल. पण फ्रेंच वेल म्हणजे काय? नदीच्या पात्रात खोल विहीर, आणि तिच्या तळाशी वाळूत चहूकडे पसरलेले पाइप. आपल्या नळाला येतं ते वाळूतून झिरपलेलंच पाणी. शेतकऱ्याची विहीर आणि आपला माठ इतके काही दूर नाहीत.

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी तपासून घेतलं. सेक्रेटरी म्हणाले, काका, पाणी चांगलं तर आहे, खर्च कशाला? म्हटलं, चांगलं आहे म्हणूनच. रिचार्जच्या खड्ड्यात गच्चीचंच पाणी जाऊ दे, गाड्या धुतलेलं नको, हेही मीटिंगमध्ये लिहून घेतलं. तरुणांना थोडा जाच वाटतो माझा.

त्या शेतकऱ्याची माफी मागायची राहिली. काही वर्षांनी शोधत गेलो, तेव्हा ते गावात नव्हते. त्यांची बाटली मात्र बरेच दिवस माझ्या टेबलाखाली होती. बदली झाली तेव्हा शिपायाने टाकून दिली. मी तिचा साधा रिपोर्टही काढून घेतला नाही.

तुमची मुलं-नातवंडं कारखान्यात, बँकेत, सरकारी खात्यात असतील. त्यांना एवढं विचारा: बाजूच्या विहिरीचा रिपोर्ट फाइलला आहे का?