प्रतिजैविकांच्या अनाठायी वापराविषयी जाहीर पत्रक

वरवट बकाल व पंचक्रोशीतील नागरिक आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याचे अधिकारी यांस,

पावसाळा लागला की पडसे, खोकला, ताप आणि हगवण यांची साथ घरोघरी येते, आणि रोग कोणता याची पुरती चौकशी होण्याआधीच दोन दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्यांची पुडी रोग्याच्या हाती पडते. पडसे आणि बहुतेक खोकला विषाणूंपासून उद्भवतो व त्यावर ही औषधे निरुपयोगी आहेत. उलट अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा पेनिसिलिनचे संशोधक फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच दिला होता. त्यातही आपला तालुका खारपाणपट्ट्यातला, मूत्रपिंडाच्या विकाराने पोळलेला. जेंटामायसिनसारखी सुई मूत्रपिंडास अपाय करू शकते, हे ध्यानात घेतल्यास येथील बेपर्वाई अधिकच अक्षम्य ठरते.

‘रोगीच सुई मागतो, आम्ही काय करावे?’ ही सबब आम्हांस मुळीच मान्य नाही. शेतीची मजुरी बुडवून आलेल्या माणसास आजार काय, किती दिवस चालेल आणि कोणते लक्षण दिसताच परत यावे, हे कोणी नीट सांगितले, तर तो सुईचा हट्ट धरीत नाही. परंतु हे सांगण्याचे शिक्षण सांगणाऱ्यास कोणी दिले आहे काय?

असे शिक्षण देता येते, याचा दाखला याच विदर्भात आहे. 1988 साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत आरोग्यसेवकांना आणि दायांनाही बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. ज्यांना अंकगणना येत नव्हती त्यांच्याकरिता वाळूची घडी व मणी जोडलेला श्वासमापक बनविण्यात आला. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील खोकणारे मूल मिनिटास पन्नास वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांचे चाळीस वा अधिक श्वास घेत असेल तर न्यूमोनियाची शंका धरावी, एरवी साध्या खोकल्यास प्रतिजैविक देऊ नये, हा भेद आज सर्वमान्य आहे. गडचिरोलीत गरजू बालकांस औषध वेळेवर मिळाले आणि न्यूमोनियाने होणारे मृत्यू घटले. औषध कोणास द्यावे हे ज्याला कळते, त्यालाच ते कोणास देऊ नये हे कळते. प्रशिक्षण म्हणजे औषध नाकारण्याची सक्ती, अशी भीती घालणाऱ्यांनी हा वृत्तांत वाचावा.

म्हणून आमची मागणी अशी की, आशा, परिचारिका व वैद्यकीय अधिकारी यांच्याबरोबरच खासगी दवाखाने आणि मेडिकलवाले यांनाही हे प्रशिक्षण द्यावे. एका दिवसाचे व्याख्यान देऊन व हजेरीपटावर सह्या घेऊन ते संपविण्यात येऊ नये. दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष चिठ्ठ्या तपासाव्यात आणि चूक ज्याची त्याला, जाहीर पाणउतारा न करता, दाखवून द्यावी. हगवणीच्या मुलास जलसंजीवनी व चौदा दिवस जस्ताची गोळी मिळते की नाही, आणि रक्त पडत नसताना प्रतिजैविक दिले जाते काय, हेही पाहावे. अनुसूची एच-1 मधील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवण्याचे बंधन 2014 पासून अंमलात आहे. ती वही औषध निरीक्षकांनी उघडून पाहावी.

या मागण्यांचा ठराव ग्रामसभेने करावा व त्याची नक्कल जिल्हा परिषदेच्या दप्तरी दाखल करून पोहोच घ्यावी.