अमानत शाबूत पोहोचली का?

गेल्या रमजानमध्ये माढ्यातल्या आमच्या जकात वाटपाची यादी माझ्याकडे होती. त्यात विधवा भगिनींची नावं, आधार क्रमांक, बँक खाती. मी ती विंडोजवर एन्क्रिप्ट केली आणि पुण्यातल्या मित्राच्या लिनक्स सर्व्हरवर एफटीपीने चढवली. पासवर्ड बरोबर, तरी फाइल उघडेना. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, "ग्रुपवर साधीच टाका." मी टाकली. संध्याकाळपर्यंत कोणाच्या घरी जकात जाते, हे अख्ख्या गल्लीला कळलं.

चूक छोटीच होती. ओळ संपल्याची खूण विंडोजमध्ये दोन बाइटांची असते, १३ आणि १०. लिनक्समध्ये एकच, १०. एफटीपी टेक्स्ट मोडवर असेल, तर ही खूण वाटेत बदलली जाते. साध्या मजकुराला त्याने काही होत नाही. पण एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये ओळी नसतातच. तिथे १३ आणि १० शेजारी येतात ते योगायोगाने. त्यातला एक बाइट गळला, तरी चांगला प्रोग्राम फाइल उघडायला नकार देतो. आणि ते योग्यच आहे.

आपण कुलपाबद्दल खूप बोलतो, पेटी शाबूत पोहोचली का हे विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जे कुलूप ऐनवेळी उघडत नाही, ते लोक फेकून देतात. मग अब्रू जाते ती गरिबाची.

तरावीहमध्ये हाफिजसाहेबांच्या मागे सामे उभा असतो. चूक झाली की लगेच लुकमा देतो. त्यात हाफिजसाहेबांवर अविश्वास नसतो, कलामाची कदर असते. फाइलचा सामे म्हणजे शा-२५६ ही ६४ अक्षरांची खूण. पाठवण्याआधी ती विंडोजच्या सर्टयुटिलने काढा, पोहोचल्यावर लिनक्सवर पुन्हा काढायला सांगा आणि फोनवर जुळवा. एक बाइट बदलला, तरी खूण जुळणार नाही. एफटीपीऐवजी एसएफटीपी वापरा. वाट फक्त मजकुराचीच असेल, तर बेस-६४ करा. ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, फाइल एक तृतीयांशाने फुगते, पण बिघडत नाही. पासवर्ड मात्र वेगळ्या मार्गाने द्या.

आपल्या मशिदीच्या कमिटीत संगणक कळणारे बहुधा तुम्हीच असता. येत्या रमजानआधी एक खोटी यादी पाठवून हे सगळं करून बघा. यादी आपली नाही, अमानत आहे.