माळावर काय आहे बघायला?

दिवाळीला मुलगा-सून नातवाला घेऊन आले होते. नातू चौथीत. शाळेनं सुट्टीत 'निसर्ग आणि मी' असा प्रकल्प दिलेला. पोरानं नेटवरून बर्फाचे डोंगर, धबधबा, वाघ अशी चित्रं शोधली, छापली, वहीत चिकटवली. झाला प्रकल्प! मी म्हटलं, "उद्या नान्नजला जाऊ. वीसेक किलोमीटर तर आहे." सून म्हणाली, "आई, तिथे काय आहे बघायला? नुसता माळ. साप-विंचू निघायचे."

तिला काय बोलणार? सगळी नोकरी मी हेच तर शिकवत आले!

खरंच सांगते मंडळी. 'परिसर अभ्यास' मी चार भिंतींत शिकवला. परिसर खिडकीबाहेर होता, आणि खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाला मी उभं करत असे. निसर्गावर निबंध लिहून घेतले, ते पाठ करून घेतले, बक्षिसंही दिली. सहल मात्र महाबळेश्वरला. म्हणजे निसर्ग हिरवा असतो, लांब असतो आणि त्याला पैसे पडतात, हे मुलांच्या मनात आम्हीच पक्कं केलं.

त्याहून मोठी चूक सांगते. ऐंशीच्या दशकात वृक्षारोपण म्हणून आम्ही मुलांकडून उघड्या माळावर सुबाभळी लावून घेतल्या. फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. माळ म्हणजे पडीक जमीन, हीच आमची समजूत. चंडोल, धाविक, माळढोक यांना उघडं गवतच लागतं, ते जमिनीवरच अंडी घालतात, हे कुणाला ठाऊक होतं? मीटरभर उंचीच्या त्या माळढोकासाठी नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं. पण गवताळ माळ घटत गेले, विजेच्या तारा आल्या. या जड पक्ष्याला उडताना समोरच्या तारा वेळेवर दिसत नाहीत. आता तिथे एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. आमची मुलं तेव्हा वर्गात वाघ रंगवत होती. जो पक्षी कधी पाहिलाच नाही, त्याच्यासाठी कोण रडणार?

मारुती चितमपल्ली आपल्याच सोलापुरात जन्मले. २००६ साली इथे साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळून त्यांचे फोटो एकमेकांना पाठवले. त्यांनी उभं आयुष्य जंगलात काढलं, आणि आपण नातवाला मातीत बसू देत नाही.

"अभ्यास बुडतो", "ऊन लागेल", "कपडे खराब होतील" ही कारणं मला नका सांगू. ती मीच पालकसभेत सांगितलेली आहेत. साप-विंचवाचं म्हणाल, तर बूट घालावेत, दगडाखाली हात घालू नये. एवढं शिकवलं की पुरे. शिकवायची ती सावधगिरी. आपण मात्र भीती शिकवतो आणि मग प्रेमाची अपेक्षा करतो.

असो. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलोच. रस्त्याच्या कडेलाच थांबलो. काळविटांचा कळप लांबून दिसला. गवतावर एक भोवत्या खाली-खाली तरंगत गेला. नातवाच्या मोज्यांत कुसळं भरली. ती उपटता उपटता त्यानं विचारलं, "आजी, एवढं गवत कुणी लावलं?"

"कुणीच नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मीही गप्प राहिले. मास्तरणीला हे फार जड जातं हो! पण त्या वेळी शिकवायला गेले असते, तर सगळंच बिघडलं असतं.

येत्या रविवारी आपापल्या नातवंडांना जवळच्या माळावर न्या. भाकरी, शेंगाचटणी बांधून घ्या. पक्ष्यांची नावं येत नसली तरी चालेल. प्रश्नपत्रिका मात्र घरी ठेवा.